माळ्यावरच्या ट्रंकेतला बिल्ला

स. न. वि. वि.

मी साताऱ्यात राहतो, बँकेत नोकरी करतो. आमचे आबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. १९७९-८० च्या सुमारास त्यांची पोस्टिंग अरुणाचलात, सियांगच्या बाजूला होती. गेल्या दिवाळीत साफसफाई करताना त्यांची हिरवी ट्रंक माळ्यावरून खाली काढली, तर तळाशी घोंगडीत गुंडाळलेल्या चार वस्तू निघाल्या. हातभर लांबीचा, एका बाजूने फाटलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. त्याच्या आतल्या अंगाला हिरवट-पिवळा रंग आणि ३२ ने सुरू होणारा क्रमांक आहे. काळ्या तबकडीचं विमानातलं घड्याळ. साडेपाच इंच लांबीचं एक पितळी काडतूस, टोकाला काळा रंग. आणि एक धातूचा बिल्ला, त्यावर इंग्रजीत माणसाचं नाव आणि नंबर. (त्यावरचा मजकूर सोबत वेगळ्या कागदावर लिहिला आहे, फोटोही जोडले आहेत.)

आबा म्हणतात, ‘मोठ्या लढाईतलं अमेरिकन विमान होतं. गस्तीवर असताना जंगलात दिसलं. तीन वस्तू मी उचलल्या, बिल्ला खालच्या गावच्या गावबुढ्याने, म्हणजे गावच्या मुखियाने दिला.’ याहून जास्त ते बोलत नाहीत आणि हल्ली त्यांना बरंच आठवतही नाही.

मला मात्र तेव्हापासून नादच लागला आहे. पुण्याच्या जुन्या बाजारातून ‘क्रॅश झालेल्या विमानाचे’ म्हणून आणखी दोन तुकडे घेतले. एका मित्राने मेटल डिटेक्टर घेतला आहे, डिसेंबरात पासीघाटकडे जायचा बेत आहे. मुंबईच्या एका संग्राहकाने ट्रंकेतल्या चारही वस्तूंचे मिळून ८५,००० रुपये देऊ केले आहेत. कुरिअरने पाठवा म्हणतो. लेकीला घड्याळ शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात न्यायचं आहे. आकडे आता चमकत नाहीत, त्यामुळे त्यात काही उरलं नसावं. बायको म्हणते, मेलेल्या माणसाची वस्तू घरात नको.

वस्तू खऱ्या आहेत का? कायद्याची अडचण येईल का? साफ कशा करायच्या? आणि विकू का?

एक वाचक, सातारा

---

प्रिय वाचक,

बाकी सगळं नंतर. आधी ते घड्याळ लेकीच्या दप्तरातून बाहेर काढा.

‘चमकत नाही म्हणजे संपलं’ या समजुतीने भलेभले फसतात. रात्री वैमानिकाला काटे दिसावेत म्हणून त्या काळी आकड्यांवर रेडियम हा किरणोत्सारी धातू आणि झिंक सल्फाइड यांचं मिश्रण लावत. चमकायचं काम झिंक सल्फाइडचं. रेडियमचा मारा खाऊन खाऊन ते काही वर्षांत निकामी होतं आणि रंग तपकिरी पडतो. रेडियम मात्र जागच्या जागी असतं. त्याचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) सुमारे १६०० वर्षं, म्हणजे युद्धापासून आजवर त्यातलं चार टक्केही घटलेलं नाही. तुमच्या घड्याळात रेडियम आहेच असं मी इथे बसून सांगू शकत नाही, पण तपासणी होईपर्यंत आहे असं धरूनच चाला.

माझीच फजिती सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी मुंबईच्या चोर बाजारात मी एक उंचीमापक घेतला. दुकानदार शपथेवर सांगत होता, जपानी विमानाचा आहे, ब्रह्मदेशात पडलेल्या. साडेचार हजार मोजले. घरी येऊन मागची पट्टी पुसली तर त्यावर मुकुट आणि ‘६ए’ ने सुरू होणारा क्रमांक, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या भांडारातला. जपानशी संबंध शून्य. तरी वस्तू जुनी होती, म्हणून टेबलावर ठेवली, चहाच्या कपाशेजारी. चार वर्षांनी एक मित्र घरी आला. तो कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. तो तसाच मला आणि त्या डब्याला घेऊन प्रयोगशाळेत गेला आणि किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर जवळ धरला. त्या यंत्राचा टक-टक आवाज एकदम चणे फुटल्यासारखा झाला. मित्र फक्त एवढंच म्हणाला, ‘कप बदल.’

काच शाबूत असेल आणि घड्याळ उघडलं नसेल तर घर सोडून पळायचं कारण नाही. धोका आहे तो रंगाच्या भुग्याचा. तो बोटांना लागतो, बोटांवरून तोंडात जातो, श्वासातून आत जातो. म्हणून मागचं झाकण उघडू नका, ‘चालू होतंय का बघू’ म्हणून घड्याळजीकडे नेऊ नका. जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, पिशवी स्टीलच्या डब्यात ठेवा आणि डबा झोपायच्या खोलीपासून दूर, हवा खेळती असेल अशा जागी. ज्या घोंगडीत ते पंचेचाळीस वर्षं गुंडाळलेलं होतं ती अंगणात झटकू नका, तीही वेगळ्या पिशवीत घाला. मग अणुऊर्जा नियामक मंडळाला लिहा. त्यांचं कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरलाच आहे. जवळच्या एखाद्या कॉलेजात गायगर काउंटर असेल तर त्याआधी तपासणी होऊ शकते, पण घड्याळ घेऊन जाण्याआधी तिथल्या प्राध्यापकांना विचारा.

आणि काहीही झालं तरी भंगारात देऊ नका. स्कॉटलंडमध्ये डॅल्गेटी बे नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. युद्धानंतर तिथल्या विमानतळावर जुन्या विमानांची उपकरणं जाळून राख तिथेच टाकली. १९९० मध्ये किनाऱ्यावर रेडियमचे कण सापडले आणि साफसफाई पुरी व्हायला २०२३ उजाडलं. आपल्याकडे २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेल्या किरणोत्सारी कोबाल्टच्या यंत्राने एका कामगाराचा जीव घेतला. ते प्रकरण तुमच्या घड्याळाहून हजारो पटींनी मोठं होतं हे खरं, पण भंगारवाल्याला हातातल्या वस्तूत काय आहे हे कळायची सोय दोन्हीकडे सारखीच.

आता काडतूस. साडेपाच इंच लांबी आणि काळं टोक म्हणजे अर्धा इंची ब्राउनिंग मशीनगनचं चिलखतभेदी काडतूस. बुडाला पाहा, मधल्या गोल टोपीवर, म्हणजे पिनने ठोकतात त्या जागी, खड्डा आहे का? असो वा नसो, टोकाची गोळी अजून जागेवर आहे, तेव्हा ते न उडालेलं, म्हणजे जिवंत आहे असंच समजायचं. दारू ऐंशी वर्षांची झाली म्हणून शहाणी होत नाही. आणि जिवंत काडतूस विनापरवाना बाळगणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. त्याला ‘आठवण म्हणून ठेवलं’ हे उत्तर चालत नाही. बॅगेत विसरलेल्या एका काडतुसापायी विमानतळावर माणसं अडकल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच. तेव्हा ते कुरिअर करायचा विचार तर सोडाच, एसटीने पोलीस ठाण्यातही नेऊ नका. ओळखीच्या वकिलाशी बोला, जमलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आबांच्या नावानिशी सांगा, आणि पोलिसांना लेखी कळवून त्यांनाच घरी बोलवा. ते बॉम्ब शोधक व नाशक पथकाला आणतील. जाईल ते, जाऊ द्या. त्याआधी बुडावरच्या अक्षरांचा जवळून फोटो काढून ठेवा. तिथे कारखान्याची खूण आणि वर्ष असतं, पुढच्या शोधात उपयोगी पडतं.

एवढं झालं की मग निवांत पत्र्यापाशी बसू. पत्रा मला फार आवडला, खरं सांगायचं तर हेवा वाटला.

त्या हिरवट-पिवळ्या रंगाला झिंक क्रोमेट म्हणतात. गंजू नये म्हणून विमानाच्या आतून लावत. (पॉलिश पेपरने घासू नका, क्रोमेटचा भुगा विषारी असतो.) आणि ३२ चं म्हणाल तर अमेरिकी कारखाने सुट्या भागाच्या क्रमांकाची सुरुवात बहुतेक वेळा विमानाच्या मॉडेल क्रमांकाने करत. बी-२४ लिबरेटर हे बॉम्बफेकी विमान म्हणजे कन्सॉलिडेटेड कंपनीचं मॉडेल ३२. म्हणजे पत्रा लिबरेटरचा असायची शक्यता दांडगी, किंवा त्याच सांगाड्यावर बांधलेल्या सी-८७ या मालवाहू विमानाचा. पत्र्यावर तिरका उजेड टाकून पाहा, कधी कधी ‘अल्क्लॅड’ अशी पुसट झालेली छापील अक्षरं दिसतात, पत्रा बनवणाऱ्याची. काडतूसही याच्याशी जुळतं. त्या भागातून चीनला माल नेणाऱ्या सी-४६ आणि सी-४७ विमानांवर तोफा-बंदुका नव्हत्या, लिबरेटर बॉम्बरवर होत्या. अर्थात विमानात मालही दारूगोळ्याचाच असायचा, म्हणून काडतुसावरून लगेच निकाल द्यायला नको. आणि लक्षात घ्या, ३२ ने सुरू होणारा नंबर त्या एका विमानाचा नसतो, तो आराखड्याचा असतो. हजारो लिबरेटरांवर तोच नंबर सापडेल.

आबांची गोष्ट या सगळ्याशी चपखल बसते. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि चीनकडे जाणारा रस्ता तुटला. मग आसामातल्या चबुआ, दिनजान, मोहनबारी, जोरहाट अशा धावपट्ट्यांवरून हिमालयाच्या पूर्व टोकावरून थेट कुनमिंगला विमानांनी माल पोचवायला सुरुवात झाली. पेट्रोल, दारूगोळा, औषधं, सगळं. अमेरिकन वैमानिक त्या डोंगरांना ‘हंप’ म्हणजे उंटाचं मदार म्हणत. युद्ध संपेपर्यंत साडेसहा लाख टनांच्या आसपास माल गेला आणि सुमारे ६०० विमानं पडली किंवा निकामी झाली. बहुतेक जपान्यांनी पाडलेली नव्हेत. बर्फ, वादळं, बिघडलेली इंजिनं, चुकलेली दिशा, एवढं पुरे होतं. स्वच्छ दिवशी खाली चकाकणारे अवशेष पाहत रस्ता काढता येतो, असं वैमानिक म्हणायचे. त्या वाटेचं नावच ‘ॲल्युमिनियमची वाट’ पडलं.

जे हवाई छत्रीने उतरले त्यातले अनेक जण चालत, गावकऱ्यांच्या आधाराने परत आले. पत्रकार एरिक सेवाराइड ऑगस्ट १९४३ मध्ये असाच नागा टेकड्यांत उतरला. त्यांच्या मदतीला लष्करी डॉक्टरने विमानातून उडी मारली आणि मोकोकचुंगचा ब्रिटिश अधिकारी डोंगर तुडवत त्यांना न्यायला गेला. जे विमानाबरोबरच पडले त्यांचं काय झालं, हे जंगलातल्या शिकाऱ्यांना ठाऊक होतं, पण त्यांना विचारायला कोणी गेलं नाही. पत्रे गावात आले, त्यांची भांडी झाली, उरलेलं भंगारात गेलं. त्यात गावकऱ्यांना दोष द्यावा असं मला काही दिसत नाही. आकाशातून पडलेल्या धातूचं आणखी काय करायचं असतं?

जुन्या बाजारातल्या तुमच्या दोन तुकड्यांबद्दल मात्र मला शंका आहे. फोटोत त्यांच्या कडा सरळ आहेत, छिन्नीने किंवा करवतीने कापाव्यात तशा, आणि स्क्रूची भोकं गोल, स्वच्छ. पडलेल्या विमानाचा पत्रा असा नसतो. तो चुरगळतो, ओढला जातो, रिव्हेटची भोकं लांबट होऊन फाटतात. आबांचा पत्रा पाहा आणि शेजारी हे दोन ठेवा. पुण्यात लिबरेटरचे तुकडे मिळण्याला वेगळंच, साधंसुधं कारण आहे. युद्धानंतर अमेरिकन आणि ब्रिटिश फौजा शेकडो विमानं इथेच टाकून गेल्या. कानपूरला टाकलेल्या लिबरेटरांतून हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी चाळीसेक विमानं पुन्हा उडती केली आणि ती आपल्या हवाई दलात आली. ६ नंबरची स्क्वाड्रन ती लोहगावहून उडवायची आणि १९६८ अखेर ती निवृत्त झाली. काही आज परदेशातल्या संग्रहालयांत आहेत, बाकीची भंगारात गेली. तेव्हा तुमचे तुकडे खोटे असतीलच असं नाही, फक्त अपघाताची गोष्ट बुधवारच्या किंवा रविवारच्या बाजारात चिकटवलेली असेल. मला विचाराल तर लोहगावच्या भंगाराचा तुकडा हाही संग्रहात मानाने ठेवावा असा आहे. फक्त चिठ्ठीवर खरं लिहा.

आता बिल्ला.

तुम्ही लिहिलेला नंबर आठ आकडी आहे आणि ३ ने सुरू होतो. म्हणजे हा सक्तीच्या भरतीत घेतलेला साधा शिपाई किंवा सार्जंट, अधिकारी नव्हे. त्यापुढचं ‘टी४२ ४३’ म्हणजे धनुर्वाताची लस १९४२ ला, पुढचा डोस १९४३ ला. ‘ओ’ हा रक्तगट, ‘पी’ म्हणजे प्रोटेस्टंट. सुरुवातीच्या बिल्ल्यांवर घरच्या माणसाचं नाव-पत्ताही असे. १९४३ च्या मध्यापासून तो काढून टाकला. तुमच्यावर तो नाही, म्हणजे बिल्ला बहुधा त्यानंतरचा. कडेच्या खाचेबद्दल तुम्हाला कोणीतरी सांगेल की ती मेलेल्या सैनिकाच्या दातांत अडकवण्यासाठी होती. ती दंतकथा आहे. अक्षरं ठोकणाऱ्या यंत्रात बिल्ला नीट बसावा म्हणून ती खाच. प्रत्येकाच्या गळ्यात असे दोन बिल्ले असत.

तुमच्या पत्रातल्या चार वस्तूंत ही एकच वस्तू अशी आहे की जिचा मालक नावानिशी ठाऊक आहे. तो तुम्ही नाही. आबाही नाहीत आणि ८५,००० वाला तर नाहीच नाही. त्याला पत्रा, घड्याळ नकोच आहे, त्याला बिल्ला हवा आहे, बाकी सगळी भरती आहे. बिल्ला विकू नये असा कायदा मी तुम्हाला दाखवणार नाही. विकू नका एवढंच सांगतो, आणि का ते ऐका.

दुसऱ्या महायुद्धातले सुमारे ७२,००० अमेरिकन सैनिक आजही बेपत्ता म्हणून नोंदलेले आहेत. त्यातले सुमारे ४०० भारताच्या हद्दीत. त्यांना शोधायला अमेरिकेच्या संरक्षण खात्याची एक स्वतंत्र संस्था (डीपीएए) आहे, तिचं आणि गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचं २०२१ पासून एकत्र काम चालतं. ‘हॉट ॲज हेल’ नावाचं लिबरेटर २५ जानेवारी १९४४ ला कुनमिंगहून चबुआला निघालं आणि आठ माणसांसह नाहीसं झालं. २००६ मध्ये ॲरिझोनाच्या क्लेटन कुहल्स नावाच्या गृहस्थाने स्थानिक वाटाड्यांच्या मदतीने ते सियांगच्या डोंगरात, दामरोह गावाच्या वर शोधून काढलं. रीतसर उत्खनन व्हायला २०१५ साल उजाडलं. एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीहून ध्वजात गुंडाळलेली पेटी निघाली आणि २०१७ च्या जूनमध्ये लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड जॉर्जिया राज्यातल्या आपल्या गावी मातीत गेला. गेला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. परतायला त्र्याहत्तर वर्षं लागली.

असं एखादं विमान ओळखतात कशावरून? १९४३ पासून प्रत्येक बेपत्ता विमानाचा एक अहवाल भरला जायचा. त्यात चमूची नावं, आणि त्याबरोबर इंजिनांचे आणि मशीनगनांचेही नंबर. जंगलात इंजिनावरची छोटी पट्टी सापडली, नंबर जुळला की आठ कुटुंबांना उत्तर मिळतं. आणि नेमकी तीच पट्टी हौशी माणसाला सगळ्यात आधी खिशात घालावीशी वाटते. छोटी, सुबक, अक्षरं असलेली. ती एकदा साताऱ्यात किंवा मुंबईत कुणाच्या शोकेसमध्ये जाऊन बसली की तिथे डोंगरात पडलेलं विमान निनावी होतं. म्हणून तुमचा मेटल डिटेक्टरचा बेत मला अजिबात पसंत नाही. तुम्ही दोघे चांगले असाल, पण उकराल तेव्हा कवटीचा तुकडा कुठला आणि दगड कुठला हे तुम्हाला कळणार नाही. ते काम करणारे लोक माती चाळणीतून गाळतात.

इंग्लंडात १९८६ पासून कायदाच आहे. तिथे पडलेलं कुठलंही लष्करी विमान परवान्याशिवाय उकरता येत नाही, आणि आत मानवी अवशेष किंवा न फुटलेला बॉम्ब असायची शक्यता असली की परवाना सहसा मिळत नाही. आपल्याकडे असा नेमका कायदा नाही. आपल्या १९७२ च्या कायद्यात पुरावस्तू म्हणजे किमान शंभर वर्षं जुनी, म्हणजे हे विमान तिथे अजून वीस वर्षं लहान आहे. पण त्यावरून मोकळं रान आहे असं समजू नका. अरुणाचलात शिरायलाच तुम्हा-आम्हाला इनर लाइन परमिट लागतं, जमीन आणि जंगल गावाच्या आणि कुळाच्या हक्काचं असतं, वर सरहद्दीचा भाग. अशा ठिकाणी दोन परके पुरुष डिटेक्टर घेऊन फिरताना दिसले तर पुढचं सगळं तुमच्या कल्पनेवर सोडतो.

जायचंच असेल तर जरूर जा, डिटेक्टर घरी ठेवून. पासीघाटला नोव्हेंबर २०२३ मध्ये हंपच्या इतिहासाचं संग्रहालय सुरू झालं आहे, डोंगरातून आणलेले अवशेष तिथे पाहायला मिळतात. आबांचा पत्राही शेवटी तिथेच गेला तर मला बरं वाटेल, पण तो तुमचा निर्णय. ठेवलात तर पितांबरीने घासून लखलखीत करू नका. सगळी गोष्ट त्या मळात आहे. मऊ ब्रशने धूळ काढा, डिस्टिल्ड वॉटरने भिजवलेल्या कापडाने पुसा, सावलीत वाळवा. पांढरी पावडर सुटत असेल तर तिथे धातू खातो आहे. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. साताऱ्याची कोरडी हवा तुमच्या बाजूने आहे, रत्नागिरीला असतात तर वेगळं सांगितलं असतं.

बिल्ल्याचं असं करा. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पण ते कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. कुणाच्या नातीला आपल्या आजोबांच्या भावाचा पत्ता फेसबुकवरच्या ‘किंमत किती येईल?’ या प्रश्नातून लागावा, हे बरं नव्हे. बेपत्ता सैनिकांची यादी त्या अमेरिकन संस्थेच्या संकेतस्थळावर खुली आहे, त्यात नाव पाहा. नाव असलं तर तुमच्या घरात एका अजून न मिटलेल्या प्रकरणाचा पुरावा आहे. नसलं तरी निष्कर्ष काढायची घाई नको. तो माणूस छत्रीने उतरून घरी गेला असेल, किंवा त्याचे अवशेष १९४० च्या दशकातच सापडले असतील. दोन्ही वेळा मुंबईच्या अमेरिकन वकिलातीला, वांद्रे-कुर्ला संकुलात आहे ती, लेखी कळवा, त्या संस्थेपर्यंत पोचवा म्हणून सांगा आणि पोच घ्या. बिल्ला लगेच पोस्टात टाकू नका, कोण मागतंय ते कागदावर येऊ द्या.

वहिनींचं म्हणणं मला पटतं, थोड्या वेगळ्या कारणाने. वस्तू अशुभ वगैरे नाही. पण पाहुणा पंचेचाळीस वर्षं घोंगडीत राहिला आहे आणि त्याच्या घरी कोणी कळवलेलं नाही, हे घरातल्या बाईला खटकलं तर नवल नाही. आबांवरही रागावू नका. त्यांनी तेव्हा ते उचललं नसतं तर तो पत्रा कढई झाला असता. आणि गावबुढ्याने बिल्ला फौजी माणसाच्या हातात दिला, तो मला वाटतं विकायला नव्हे.

या सगळ्यात सर्वांत किमती वस्तू ट्रंकेत नाही, आबांकडे आहे. जागा. बिल्ल्यावरचं नाव एका माणसाचं, पण तो पत्रा कुठल्या ओढ्यापाशी पडला होता हे सांगणारं साताऱ्यात दुसरं कोणी नाही. तुम्ही म्हणता, त्यांना हल्ली आठवत नाही. ‘आबा, ते विमान कुठे होतं?’ असं विचाराल तर नाहीच आठवणार. त्यांच्यासमोर सियांगचा मोठा नकाशा पसरा, हातात पेन्सिल द्या आणि गप्प बसा. सुभेदार माणूस आहे, नकाशा पाहिला की बोट आपोआप चालतं. मग छोटं छोटं विचारा. तळ कुठे होता? गस्त किती दिवसांची होती? पाणी उजव्या हाताला होतं की डाव्या? चढ होता की उतार? पंखातून झाड उगवलं होतं का? इंजिन दिसलं का, किती दिसली? विमानाचं नाक कुठल्या दिशेला होतं? सोबत कोण होतं, त्यातलं कोणी हयात आहे का? गावबुढा कुठल्या गावचा, त्याने गावबुढ्याचा लाल कोट घातला होता का, आणि बिल्ला देताना तो काय म्हणाला, आपल्या भाषेत की तोडक्या हिंदीत?

सकाळी विचारा, चहा झाल्यावर. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि टीव्ही बंद ठेवा.